स्पेड, शॉव्हेल आणि आपले फावडे

माती खणण्याच्या व हलविण्याच्या हातावजारांसाठी इंग्रजीत स्पेड आणि शॉव्हेल असे दोन शब्द नेहमी वापरले जातात. इंग्रजी-मराठी कोश उघडून पाहिला, तर या दोन्ही शब्दांसमोर बहुधा एकच प्रतिशब्द आढळतो, आणि तो म्हणजे फावडे. त्यामुळे मूळ इंग्रजी यादीत ज्या दोन स्वतंत्र ओळी असतात, त्यांची मराठी अनुवादात एकच ओळ होते किंवा एकाच नावाच्या दोन ओळी होतात. शाळेत शिक्षकांना विद्यार्थी विचारतात, की अवजार एकच असेल तर शब्द दोन कशासाठी? आणि ग्रामपंचायतीने मागविलेले साहित्य गावात येऊन पडले, म्हणजे मजूर म्हणतात, की हे अवजार आमच्या कामाचे नाही.

वरवर पाहता हा शब्दांचा किरकोळ घोळ वाटेल. परंतु मातीकामावर राबणाऱ्या मजुराला मजुरी बहुधा केलेल्या कामाच्या मोजमापावर मिळते. हातात चुकीचे अवजार असेल, तर दिवसभर घाम गाळूनही खड्ड्याचे माप कमी भरते आणि तितकी मजुरी कमी होते. मोजमाप पुस्तकात खड्ड्याची लांबी, रुंदी व खोली यांची नोंद होते. खड्डा कोणत्या अवजाराने खणला, याची नोंद होत नाही. म्हणून या दोन शब्दांमधील फरक, आणि त्यांच्या तुलनेत आपल्या फावड्याचे स्थान, हे नीट समजून घेणे उपयुक्त ठरेल.

स्पेड : कापणारे अवजार

स्पेड हे मूलतः जमीन कापण्याचे अवजार आहे. त्याचे पाते सपाट किंवा अगदी किंचित खोलगट असते आणि ते दांड्याच्या जवळजवळ सरळ रेषेत बसविलेले असते. पात्याची खालची कड बहुधा सरळ व धारदार असते. वरच्या कडेला दोन्ही बाजूंना पाय ठेवण्यापुरती जागा असते. चांगल्या प्रतीच्या स्पेडमध्ये ही कड थोडी दुमडून रुंद केलेली असते, म्हणजे ती पायात रुतत नाही. दांड्याच्या वरच्या टोकाला आडवी मूठ असते.

काम करणारा माणूस पाते जमिनीवर उभे धरतो, त्याच्या वरच्या कडेवर पाय ठेवतो आणि शरीराचे वजन देऊन ते खाली दाबतो. पाते जमिनीत गेले, की दांडा स्वतःकडे वाकवून मातीचा ठोकळा सुटा करतो आणि उलटा टाकतो. बागेतील वाफे खणणे, चराच्या बाजू उभ्या व सरळ कापणे, गवताची खापली काढणे, रोपाभोवतीची मुळे तोडणे ही स्पेडची कामे होत. इंग्लंडमधील बागकामात स्पेडच्या पात्याइतक्या खोलीला स्पिट असे मापाचे स्वतंत्र नावच आहे. एक स्पिट खोल किंवा दोन स्पिट खोल खणावे, असे तेथील माळी सांगतात.

शब्दाची व्युत्पत्तीही हेच दर्शविते. स्पेड हा प्राचीन इंग्रजी शब्द असून रुंद, सपाट पाते असा अर्थ असलेल्या एका ग्रीक शब्दाशी त्याचे नाते आहे. त्याच ग्रीक शब्दावरून लॅटिनमार्गे इटालियन भाषेत तलवारीचा वाचक शब्द आला, आणि पत्त्यांच्या डावातील इस्पिकाला इंग्रजीत जे स्पेड हे नाव मिळाले ते या तलवारीवरून मिळाले, खणण्याच्या अवजारावरून नव्हे. मात्र दोन्ही नावांच्या मुळाशी पाते हीच कल्पना आहे.

शॉव्हेल : उचलून टाकणारे अवजार

शॉव्हेलचे काम यापुढे सुरू होते. जमीन कापून झाली, माती मोकळी झाली, की ती उचलून दुसरीकडे टाकण्यासाठी शॉव्हेल लागते. म्हणून त्याचे पाते रुंद व खोलगट असते, त्याच्या दोन्ही कडा वर उचललेल्या असतात, आणि पाते व दांडा यांच्यामध्ये स्पष्ट बाक असतो. या बाकामुळे पाते जमिनीलगत आडवे सरकत असताना दांडा वर, हाताच्या उंचीवर राहतो, आणि फार न वाकता ढिगाखाली पाते सारता येते. शॉव्हेल हा शब्द ढकलणे या अर्थाच्या इंग्रजी धातूपासून आला आहे. प्रथम ढिगात ढकलणे, नंतर उचलणे आणि शेवटी फेकणे, असा त्याच्या कामाचा क्रम असतो.

वाळू, खडी, कोळसा, धान्य, बर्फ, सिमेंटचा माल अशा सुट्या पदार्थांसाठी शॉव्हेल वापरतात. त्याचेही प्रकार आहेत. चौकोनी तोंडाचे शॉव्हेल फरशीवरील किंवा पत्र्यावरील ढीग उचलण्यास सोयीचे, कारण त्याची सरळ कड जमिनीला पूर्ण टेकते. गोलसर टोकाचे शॉव्हेल खडबडीत जमिनीवरील ढिगात सहज शिरते. कोळसा किंवा धान्य यांसारख्या हलक्या पदार्थांसाठी मोठ्या पात्याचे, तर लोहखनिजासारख्या जड पदार्थासाठी लहान पात्याचे शॉव्हेल लागते. वाफेच्या इंजिनावर भट्टीत कोळसा टाकणाऱ्या फायरमनच्या हाती असे ते शॉव्हेल होते. हिंदीत ज्याला बेलचा म्हणतात, तेही सर्वसाधारणपणे याच जातीचे अवजार आहे. बेलचा हा शब्द फारसीतून आला आहे.

थोडक्यात सांगावयाचे तर स्पेड कापते आणि शॉव्हेल उचलून टाकते. स्पेडवर मुख्य जोर पायाचा असतो, तर शॉव्हेलवर हात, पाठ व मांड्यांचा. स्पेडने ढीग उचलू पाहिल्यास सपाट पात्यावरून माल दोन्ही बाजूंनी गळतो. चौकोनी शॉव्हेलने घट्ट जमीन खणू पाहिल्यास खोलगट पाते आत शिरत नाही, आणि जोर दिल्यास बाकाच्या ठिकाणी दांडा मोडतो.

हा भेद सर्वत्र सारख्याच काटेकोरपणे पाळला जातो असे मात्र नाही. अमेरिकेत टोकदार गोल पात्याच्या व लांब दांड्याच्या अवजाराने जमीन खणतात आणि त्याला शॉव्हेलच म्हणतात. ब्रिटनच्या काही भागांत व आयर्लंडमध्येही लांब दांड्याचे टोकदार शॉव्हेल प्रचारात आहे. बोलण्याच्या ओघात तर सामान्य इंग्रजी भाषक हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. तरीही अवजारांचे व्यापारी, बांधकाम अभियंते आणि माळी यांच्या लेखी भाषेत हा भेद पुष्कळसा टिकून आहे, आणि खरेदीच्या याद्या याच भाषेत लिहिल्या जातात.

आपले फावडे कोणत्या वर्गात?

आता आपल्या फावड्याकडे वळू. त्याचे पाते दांड्याच्या रेषेत नसते. दांडा पात्याच्या वरच्या भागातील नेढ्यात बसविलेला असतो आणि पाते काम करणाऱ्याच्या दिशेने वळलेले असते. पाते व दांडा यांच्यातील कोन काटकोन किंवा त्याहून लहान असतो. काम करणारा फावडे वर उचलून जमिनीवर हाणतो आणि सुटी झालेली माती स्वतःकडे ओढतो. पाय ठेवण्यास पात्यावर जागा नसते आणि तिची गरजही नसते. येथे जोर हातांचा, खांद्यांचा आणि अवजाराच्या स्वतःच्या वजनाचा असतो.

म्हणजे स्पेड दाबावे लागते, शॉव्हेल ढकलावे लागते आणि फावडे ओढावे लागते. या तीन वेगवेगळ्या क्रिया आहेत, आणि त्यांसाठी घडविलेली अवजारेही तीन वेगवेगळ्या जातींची आहेत. इंग्रजीत ज्याला हो म्हणतात, त्या ओढून वापरण्याच्या अवजारांच्या कुळातील फावडे हे एक दणकट अवजार होय. आपल्या भाषेने ही क्रिया अचूक टिपली आहे. अनेक ठिकाणी फावड्यालाच किंवा त्याच्या मोठ्या प्रकाराला खोरे म्हणतात, आणि एखाद्याची कमाई भरपूर असली, म्हणजे तो खोऱ्याने पैसा ओढतो असे आपण म्हणतो. खोऱ्याने पैसा उचलतो किंवा फेकतो असे कोणी म्हणत नाही.

भारतात आलेल्या इंग्रजांनाही हा फरक जाणवला होता. या अवजाराला आपल्या भाषेतील स्पेड हे नाव चपखल बसत नाही, हे पाहून त्यांनी उत्तरेतील फावडा हा शब्द आणि दक्षिणेतील तमिळ मण्वेट्टी या शब्दाचे मामुटी हे रूप आपल्या बोलण्यात घेतले. तमिळ शब्दाचा अर्थच माती कापणारे असा आहे. अँग्लो-इंडियन शब्दांच्या १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या हॉब्सन-जॉब्सन या कोशात या दोन्ही शब्दांच्या नोंदी आहेत, आणि या अवजाराचा आकार स्पेडसारखा नाही हे तेथे स्पष्ट केले आहे. पुढे भारतीय मानके तयार झाली, तेव्हाही हाच विवेक दाखविला गेला. शॉव्हेलसाठी आय. एस. २७४ हे मानक आहे, तर फावड्यासाठी आय. एस. १७५९ हे वेगळे मानक असून त्याच्या इंग्रजी शीर्षकात पावरा हा आपलाच शब्द वापरला आहे. ज्यांनी इंग्रजीत मानक लिहिले त्यांनी देशी शब्द कायम ठेवला, आणि आपण मात्र मराठीत लिहिताना तीन अवजारांना एकाच नावाखाली आणतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

अवजाराचा जोडीदार

आपल्याकडे ओढण्याचे अवजार रुजले आणि युरोपात दाबण्याचे व फेकण्याचे अवजार रुजले, याची कारणे जमिनीत, पेहरावात आणि कामाच्या पद्धतीत सापडतात.

पायाने दाबण्याचे अवजार वापरण्यास जाड तळव्याचा बूट लागतो. अनवाणी किंवा साध्या चपलेत काम करणाऱ्या माणसाला लोखंडी कडेवर दिवसभर पाय दाबता येत नाही. शिवाय स्पेड जमिनीत शिरण्यास जमीन काहीशी मऊ व ओलसर लागते. उन्हाळ्यात, म्हणजे मातीकामाच्या ऐन हंगामात, आपल्याकडील काळी जमीन वाळून टणक झालेली असते, आणि पुष्कळ ठिकाणी थोड्याच खोलीवर मुरूम लागतो. तेथे पायाच्या दाबाने काही साधत नाही. प्रथम कुदळ किंवा टिकाव हाणावा लागतो, कठीण थर लागल्यास पहार घालावी लागते, आणि मग सुटी झालेली माती फावड्याने ओढावी लागते.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. कोणतेही अवजार एकटे काम करीत नाही; त्याला जोडीदार असतो. शॉव्हेलचा जोडीदार म्हणजे एकचाकी ढकलगाडी किंवा मालगाडीचा डबा. या दोन्हींची कड जमिनीपासून उंच असते, म्हणून माल उचलून वर फेकावा लागतो. फावड्याचा जोडीदार म्हणजे घमेले किंवा पाटी. ती जमिनीवर, खणणाऱ्याच्या पायांशी ठेवलेली असते. माती तिच्यात ओढली, की ती भरते, आणि दुसरे माणूस ती डोक्यावर घेऊन जाते. घमेल्यात माती भरण्यासाठी लांब दांड्याचे शॉव्हेल दिले, तर मजुराला उगाच मागे सरकून काम करावे लागते. उलट उंच ट्रॉलीत वाळू भरण्यासाठी केवळ फावडे दिले, तर वाळू आधी घमेल्यात ओढून मग घमेले उचलून वर रिकामे करावे लागते. म्हणजे एका कामाची दोन कामे होतात.

यावरून असे दिसून येईल की एक अवजार श्रेष्ठ आणि दुसरे मागासलेले, असा निवाडा करणे योग्य नाही. बांधबंदिस्तीच्या कामावर फावडे योग्य आहे. खडी व वाळू यांच्या भरणीच्या कामावर शॉव्हेल योग्य आहे. शाळेच्या बागेत ओल्या, भुसभुशीत वाफ्याची कड सरळ कापावयाची असेल आणि काम करणाऱ्याच्या पायात बूट असतील, तर स्पेडही उपयोगी पडते. पुरानंतरचा अनुभव हेच सांगतो. जुलै २०२१ मध्ये चिपळूण व महाड येथील पूर ओसरल्यानंतर घराघरांत व दुकानांत चिखल साचून राहिला होता. अशा वेळी फरशीवरील गाळ काढण्यास चौकोनी तोंडाचे शॉव्हेल कामी येते. अशा प्रसंगी मदत म्हणून स्पेड आले, तर ते कोपऱ्यातच पडून राहणार.

अनुवादातील एक जुनी गफलत

अवजारांच्या नावांची गल्लत केवळ आपल्याकडेच होते असे नाही. स्पष्टवक्त्या माणसाविषयी बोलताना इंग्रजीत म्हणतात, की तो स्पेडला स्पेडच म्हणतो. या म्हणीचा इतिहास मनोरंजक आहे. प्लुटार्क या ग्रीक लेखकाने मॅसेडोनियाच्या लोकांबद्दलची एक उक्ती नोंदविली आहे. हे लोक इतके रांगडे, की ते काथवटीला काथवटच म्हणतात, असा तिचा आशय होता. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ काथवट, परात किंवा होडगे असा होतो. सोळाव्या शतकात इरॅस्मस या विद्वानाने हे वचन लॅटिनमध्ये आणताना त्या जागी कुदळी-फावड्याच्या जातीच्या अवजाराचा शब्द घातला. खणण्याशी संबंधित असलेला दुसरा ग्रीक शब्द मूळ शब्दासारखाच दिसतो, त्यामुळे हा घोटाळा झाला असावा. पुढे १५४२ साली निकोलस उडालने इरॅस्मसचा ग्रंथ इंग्रजीत आणला, तेव्हा त्या लॅटिन शब्दाचे स्पेड झाले.

अशा रीतीने काथवटीचे फावडे झाले आणि फावड्याचे स्पेड झाले. वस्तूला तिच्या खऱ्या नावाने संबोधावे, असे सांगणाऱ्या म्हणीतच दोन वेळा नाव बदलले. म्हणीत ही गफलत झाल्याने कोणाचे नुकसान झाले नाही. परंतु तीच गफलत मागणीपत्रात झाली, तर सार्वजनिक पैसा वाया जातो आणि मजुराच्या हाती नको ते अवजार पडते.

अवजार आणि मजुरी

योग्य अवजारामुळे किती फरक पडतो, याचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेत फ्रेडरिक टेलर या अभियंत्याने केला. १८९८ ते १९०१ या काळात तो बेथलेहेम पोलाद कारखान्यात काम करीत होता. तेथील मजूर आपापली शॉव्हेल घरून आणत आणि एकाच शॉव्हेलने सर्व प्रकारचा माल उचलत. त्यामुळे बारीक कोळसा उचलताना एका खेपेस चार पौंडांहूनही कमी वजन येई, तर त्याच शॉव्हेलवर लोहखनिज सुमारे तीस पौंड भरे. पहिल्या कामात मजुराची शक्ती फुकट जाई आणि दुसऱ्यात तो लवकर थके. प्रयोगांवरून टेलरने असे ठरविले, की एका खेपेस सुमारे एकवीस पौंड, म्हणजे साधारण साडेनऊ किलो वजन असेल, तर दिवसभरात सर्वाधिक काम होते. त्यानुसार कारखान्याने आठ-दहा प्रकारची शॉव्हेल स्वतः तयार ठेवली. जड मालासाठी लहान व हलक्या मालासाठी मोठी.

टेलरने १९११ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याचे आकडे दिले आहेत. त्यांनुसार पूर्वी ४०० ते ६०० मजूर करीत असलेले काम पुढे सुमारे १४० मजूर करू लागले. एका मजुराचे दिवसाचे सरासरी काम १६ टनांवरून ५९ टनांवर गेले आणि त्याची सरासरी रोजची कमाई १.१५ डॉलरवरून १.८८ डॉलर झाली. या बदलात अवजाराखेरीज कामाची आखणी, देखरेख व मजुरीची पद्धत यांचाही वाटा होता, हे ध्यानात ठेवले पाहिजे. या आकड्यांची दुसरी बाजूही आहे. काम साडेतीन पटींहून अधिक वाढले, पण मजुरी दुपटीनेही वाढली नाही, आणि शेकडो मजुरांची त्या आवारात गरज उरली नाही. टेलरच्या पद्धतीवर याच कारणांनी पुढे टीका झाली. मात्र टीकाकारांनाही एक गोष्ट नाकारता येणार नाही, की अवजाराचा आकार मालाच्या वजनाशी जुळविणे हा मजुराचे श्रम वाचविण्याचा साधा व खात्रीचा उपाय आहे, आणि ते जुळविण्याची जबाबदारी काम देणाऱ्याची आहे.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. १९७२-७३ च्या दुष्काळात लक्षावधी स्त्री-पुरुष मातीकामावर उतरले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ च्या अधिनियमाने कायद्याचे स्वरूप दिले, आणि हा अधिनियम २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. नालाबांध, पाझर तलाव, समतल चर, रस्ते अशी जी कामे राज्यभर झाली, त्यांचा मोठा भाग कुदळ, फावडे व घमेले यांवर झाला. या कामांत मजुरीचा संबंध मोजमापाशी होता. मातीचा प्रकार, ती किती दूर वाहून न्यावयाची आणि किती उंच चढवावयाची, यांनुसार दर ठरत. दर ठरविताना जमिनीचा कठीणपणा विचारात घेतला जाई. परंतु फावड्याचे पाते झिजलेले आहे, दांडा नेढ्यात खुळखुळतो आहे किंवा त्याची पाचर निघालेली आहे, यासाठी दरात सवलत असण्याचे कारण नव्हते. तो तोटा मजुरानेच सोसावयाचा.

येथे आणखी एका गोष्टीचा विचार करावयास हवा. मातीकामावर घमेले भरणारे हात एकाचे आणि ते वाहणारे डोके दुसऱ्याचे, असे पुष्कळदा असते, आणि वाहणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी असते. फावड्याचे पाते रुंद आणि घमेले मोठे, म्हणजे काम लवकर उरकेल, असा हिशेब करताना ओझे कोणाच्या मानेवर जाणार आहे, हेही पाहिले पाहिजे. फावड्याचा दांडा आखूड असल्यास खणणाऱ्याला दिवसभर कमरेत अधिक वाकून राहावे लागते. दांडा काम करणाऱ्याच्या उंचीला जुळेल असा घेतला, तर खर्चात फारसा फरक पडत नाही. पाठीवरील ताणात मात्र पडतो.

यंत्रांची नावेही क्रियेवरूनच

हाताच्या अवजारांतील हा भेद यंत्रांतही उतरला आहे. अमेरिकेत विल्यम ओटिस याने १८३९ साली वाफेवर चालणाऱ्या खोदकाम यंत्राचे एकस्व मिळविले. अशा यंत्राला वाफेचे शॉव्हेल हे नाव पडले. स्पेड हे नाव पडले नाही, कारण ढिगात पुढे शिरणे, उचलणे आणि डब्यात टाकणे हे त्याचे काम होते. चंद्रपूर जिल्ह्यातील उघड्या कोळसा खाणींत कोळसा भरणाऱ्या प्रचंड यंत्रांनाही शॉव्हेलच म्हणतात.

गावोगाव दिसणारे, जेसीबी या कंपनीच्या नावाने ओळखले जाणारे यंत्र तर या विषयाचा उत्तम पाठ आहे. त्याच्या पुढच्या बाजूचे रुंद सूप जमिनीलगत ढकलले जाते, भरते आणि वर उचलून रिकामे होते. ही शॉव्हेलची क्रिया झाली. मागच्या बाजूचा लांब हात दूर जमिनीत दात रोवतो आणि माती यंत्राकडे ओढतो. ही फावड्याची क्रिया होय, आणि म्हणूनच या भागाला इंग्रजीत बॅकहो, म्हणजे मागे ओढणारा हो, असे म्हणतात. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना हे यंत्र काम करताना सुरक्षित अंतरावरून दाखविले, तर शॉव्हेल व फावडे यांतील फरक कोशाशिवाय समजेल.

व्यवहारात काय करावे?

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ नंतर शासनाचा कारभार मराठीतून चालविण्याच्या कार्याला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने त्यासाठी परिभाषेचे मोठे काम केले. तथापि प्रत्येक अवजाराचे नेमके नाव कोशातच मिळेल, अशी अपेक्षा ठेवणे योग्य नाही. असे नाव कामावर, लोहाराच्या भात्यापाशी आणि आठवड्याच्या बाजारात मिळते. म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवल्यास सोयीचे होईल.

पहिली गोष्ट अशी, की इंग्रजी यादीचा अनुवाद करताना स्पेड व शॉव्हेल या दोहोंसाठी फावडे हा शब्द डोळे मिटून वापरू नये. मूळ वस्तू शॉव्हेल असेल, तर शॉव्हेल हाच शब्द देवनागरीत लिहून पुढे सुटा माल उचलण्याचे खोलगट अवजार असे वर्णन द्यावे. स्पेड असेल, तर पायाने दाबून खणण्याचे सपाट पात्याचे अवजार असे लिहावे. परका शब्द आल्याने मराठीचे काही बिघडत नाही. चुकीचा शब्द आल्याने मात्र काम बिघडते.

दुसरे, मागणीपत्रात केवळ नाव व नग लिहून थांबू नये. कोणत्या कामासाठी हवे, पाते सपाट की खोलगट, तोंड चौकोनी की गोल, दांडा रेषेत की कोनात, आणि दांड्याची लांबी किती, एवढे पाच तपशील लिहिले, तर पुरवठादाराला पळवाट राहत नाही आणि आलेले साहित्य नाकारण्यास आधार मिळतो. भारतीय मानकाचा क्रमांक नमूद केल्यास अधिक चांगले.

तिसरे, खरेदीपूर्वी प्रत्यक्ष काम करणाऱ्या दोन-तीन स्त्री-पुरुषांना विचारावे. अवजारांची नावे जिल्ह्यागणिक बदलतात. एका तालुक्यात ज्याला फावडे म्हणतात, त्याला दुसरीकडे खोरे म्हणतील, आणि तिसरीकडे या दोन नावांची दोन वेगळी अवजारे असतील. एक नमुना आणवून तो कामावर वापरून पाहिल्यास पुढील पुष्कळ पत्रव्यवहार वाचतो.

शिक्षकांसाठी एक सूचना करावीशी वाटते. हा धडा उलट दिशेनेही शिकविता येईल. आपल्याकडील विळा, कोयता आणि खुरपे ही तीन अवजारे प्रत्येक शेतकऱ्याच्या मुलाला वेगवेगळी ओळखता येतात. विळ्याने पीक कापतात, कोयत्याने ऊस तोडतात आणि खुरप्याने तण काढतात. परंतु इंग्रजीत लिहिताना या तिन्हींसाठी सिकल हा एकच शब्द वापरल्याचे पुष्कळदा दिसते. विद्यार्थ्यांनी ही अवजारे वर्गात आणावीत, त्यांची चित्रे काढावीत, आणि प्रत्येकासमोर नावाऐवजी त्याची क्रिया लिहावी. ज्या भाषेच्या लोकांना जे काम रोज करावे लागते, त्या कामाचे शब्द त्या भाषेत अधिक बारकाईने येतात, हे त्यांना यावरून आपोआप उमगेल.

पंचायत सदस्यांनी वर्षातून एकदा साठा नोंदवही घेऊन अवजारांच्या खोलीत जावे. वापराविना पडून असलेली अवजारे पाहिली, तर ती वाईट होती म्हणून पडून आहेत की चुकीच्या नावाने मागविली म्हणून, याचा उलगडा होईल. जी दुसऱ्या कामास योग्य असतील, ती त्या कामावर पाठवावीत. ज्यांचे दांडे निखळले असतील, त्यांना गावच्या सुताराकडून नवे दांडे बसवून घ्यावेत. कामाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी एवढे झाले, तर पहिल्या दिवशी हजेरीपटावर नाव लागणाऱ्या प्रत्येकाच्या हाती त्याच्या कामाचे अवजार असेल, आणि आठवड्याच्या अखेरीस मोजमाप घेतले जाईल तेव्हा त्याच्या श्रमाचे पूर्ण माप त्याच्या पदरात पडेल.